चिठ्ठी घेतलेल्यांचे प्रकरण

भोर, ता. १४ नोव्हेंबर १९३७

चि. रखमाजी यास आशीर्वाद.

अकरा वर्षांनी लिहितो आहे. तू ख्रिस्ती झालास, त्यानंतरचं थोरल्या भावाचं हे पहिलंच पत्र. अक्षर ओळखून तू ते न वाचताच बाजूला ठेवशील, हे मी धरून चाललो आहे. पण पत्र कामाचं आहे, घरगुती नाही. तेव्हा निदान पुढचा मजकूर वाच.

तुझा पत्ता मिशनच्या एका मासिकात मिळाला. नगरला पाळक व्हायला आलेल्यांना तू शिकवतोस आणि तिथलं ग्रंथालय तुझ्या ताब्यात आहे, असं त्यात छापलं होतं. नाव रखमाजीच ठेवलंस, तेही तेव्हाच कळलं. त्या ग्रंथालयातला एक ग्रंथ मला हवा आहे. तिसऱ्या शतकात आफ्रिकेतल्या कार्थेज शहरी जे बिशप होऊन गेले, त्यांच्या पत्रांचा मूळ लॅटिन संग्रह. इंग्रजी भाषांतर माझ्याजवळ आहे, पण दोन-तीन ठिकाणी ते मला लंगडं वाटतं. पुण्यात शोधलं, मिळालं नाही.

विंझरच्या कुणब्याला लॅटिन कशाला, असं तू तरी विचारणार नाहीस. कॉलेजात शास्त्रीबोवा माझ्याकडं नजर गेली की श्लोक अर्धाच सोडायचे. चौथ्या दिवशी मी उठून लॅटिनच्या वर्गात जाऊन बसलो, ती गोष्ट तुला मीच सांगितली होती. पुढं तू पुण्यात माझ्या खोलीवर राहायला आलास, माझीच पुस्तकं चाळलीस आणि ज्या वाटेनं गेलास, त्या वाटेनं गेलास.

तू गेलास तेव्हा मी तुझ्या धर्माचं खंडन लिहायला बसलो होतो. माझा भाऊ ज्यानं नेला ते आहे तरी काय ते बघू, असा राग होता. दोन वर्षांत खंडन मागं पडलं, वाचन उरलं. मी ख्रिस्ती झालो नाही आणि होणारही नाही. पण त्या पहिल्या तीनशे वर्षांतल्या माणसांची भांडणं वाचताना आपल्याच भावकीची बैठक ऐकतो आहे असं मला वाटतं.

माझा विषय थोडक्यात असा. इ. स. २५० साली रोमच्या बादशहानं हुकूम काढला की प्रत्येकानं सरकारी देवापुढं बळी द्यावा आणि तशी चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठी नसेल त्याला तुरुंग, हालहाल, कुणाला मरण. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. कुणी बळी दिला. कुणी बळी न देताच ओळखीपाळखीनं नुसती चिठ्ठी मिळवली. पुढं हुकूम थंडावला आणि ही सगळी माणसं ख्रिस्ती मंडळीच्या दाराशी परत आली. त्यांना आत घ्यायचं की नाही, यावर जो वाद पेटला त्यावर मी निबंध लिहितो आहे. जानेवारीत पुण्यातल्या एका मंडळापुढं वाचायचा आहे. ‘चिठ्ठी घेतलेल्यांचे प्रकरण’ म्हणून त्यात एक भाग आहे, तो काही केल्या जमत नाही. त्यासाठी मूळ पाहायचं आहे.

इथं हे कुणाशी बोलता येत नाही. शाळेतले शिक्षक भले आहेत. ‘काय हेडमास्तर, तुमचं रोम काय म्हणतंय?’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत तासाला निघून जातात.

घरचं ठीक आहे. आई सहा वर्षांमागं गेली. ते तुला कुणीतरी कळवलं असेल.

सावळाराम


भोर, ता. ९ डिसेंबर १९३७

चि. रखमाजी यास,

ग्रंथ सुखरूप पोचला. आत ‘तीन महिन्यांत परत करावा’ अशी छापील पट्टी होती आणि खाली तुझी सही. पट्टी उलटून पाहिली. मागं कोरी होती. तू पाठवलास हेच पुष्कळ झालं.

आठ दिवस शाळा सुटली की तेवढंच काम केलं. भाषांतराबद्दल माझा संशय खरा निघाला. एका पत्रात बिशप एका माणसाचा दाखला देतात. तो माणूस अधिकाऱ्यांपुढं एकटा गेला, नको ते कृत्य त्यानं स्वतःच्या हातानं केलं आणि बायकोमुलांना, घरातल्या सगळ्यांना त्या संकटातून वाचवलं. बिशप म्हणतात की याला आणि जो आपण होऊन धावत गेला त्याला एकाच मापानं मोजू नका, याच्यावर दया करा. इंग्रजीत हे दोन ओळींत उरकलं आहे. मुळात त्याला वजन आहे. माझ्या प्रकरणाचा कणा मला इथं सापडला.

तू म्हणशील, दादा ही जागा बरी शोधून काढतो. म्हण. सव्वीस साली आपल्या भावकीचे पंच विंझरच्या देवळात बसले. त्यांनी लेखी मागितलं आणि मी लेखी दिलं, की रखमाजी आम्हाला मेला, त्याचा-आमचा संबंध नाही, आणि खोलीत सापडलेली ती पुस्तकं त्याची होती, माझी नव्हती. पुस्तकं माझी होती, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. पण तुझ्या वहिनीला, सगुणेला, तेव्हा सातवा महिना होता. घर वाळीत पडलं असतं तर तिच्या बाळंतपणाला सुईणही उंबरा चढली नसती. पुढं सगुणा गेली आणि मूलही गेलं, ती गोष्ट वेगळी. सही केली त्या दिवशी ती हयात होती आणि मी तिच्यासाठी केली. एवढं मी स्वतःला आजवर सांगत आलो. आता तेच एका आफ्रिकन बिशपांच्या तोंडून वाचायला मिळालं, म्हणून तुला लिहावंसं वाटलं.

त्या बिशपांचीही एक गंमत आहे. छळ सुरू झाला तेव्हा ते स्वतः शहर सोडून लपून बसले होते. तिथूनच पत्रं लिहून पडलेल्यांचा न्याय करत होते. विरोधकांनी त्यांना त्याबद्दल जन्मभर टोचलं.

दिवाळीत विंझरला गेलो होतो. शेत चिमाजी वाट्यानं करतो. तोरण्यावर धुकं होतं, गडाचा माथा दिवसभर दिसला नाही. घर सारवलेलं होतं, अंगणात सडा होता. कोण सारवतं, ते मी लिहीत नाही.

भोरला माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत मी राहतो, दुसरीत पुस्तकं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोललो नाही हे कधीकधी संध्याकाळी ध्यानात येतं. मग मी नीरेच्या पुलापर्यंत जातो आणि कुणी भेटलं तर वेळ विचारतो. घड्याळ माझ्या खिशात असतं.

सावळाराम


भोर, ता. ३१ जानेवारी १९३८

चि. रखमाजी यास,

परवा पुण्यात निबंध वाचला. पंचवीस-तीस माणसं होती. प्राध्यापक, दोन वकील, एक गोरे पाद्री, काही देशी ख्रिस्ती मंडळी. तासभर बोललो. अध्यक्षांनी तारीफ केली. कुणब्याच्या घरातून लॅटिनपर्यंत, वगैरे. ती तारीफ ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबलो होतो! ऐकली, आणि ती दुसऱ्या कुणाबद्दल चालली आहे असं वाटत राहिलं.

नंतर प्रश्न झाले. शेवटच्या रांगेत एक वृद्ध बाई होत्या. बाळाबाई त्यांचं नाव, दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, आता पेन्शनीत आहेत. एकट्याच आलेल्या. उठून म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, साधी शंका आहे. मी म्हटलं, विचारा.

“तो माणूस एकटा गेला आणि बायकोला वाचवलं म्हणता. तिला विचारून गेला होता का?”

लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, वयस्कर बाईंच्या प्रश्नाला हसतात तसे. मी उत्तर दिलं की साधनांत तसा उल्लेख नाही.

“म्हणजे विचारलं नसेल,” असं म्हणून त्या खाली बसल्या.

माझ्यापुढं अजून चार पानं होती. ती मी वाचली, पण काय वाचलं ते सांगता येणार नाही. परतीच्या मोटारीत शेजारचा माणूस बोलत होता. मी त्याला हो-नाही म्हणत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं. अकरा वर्षं मी चार हजार मैलांवरच्या, सतराशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा कागद न् कागद उलगडला. त्या कागदांत एका बाईचं म्हणणं नोंदलेलं नाही म्हणून खाली टीप दिली. आणि माझ्याच घरात एक बाई आहे, तिचं म्हणणं मी कधी नोंदलं नाही. त्याहून वाईट केलं.

मोटार कापूरहोळला थांबली. भोरची माणसं उतरून दुसऱ्या गाडीत बसली. मी उतरलो, पण फाट्यावर मला उभं राहवेना. बसायचं सोडून भोरपर्यंत चालत आलो. आठ मैल.

तुला कापूरहोळचं काहीतरी सांगायचं आहे. आज होत नाही. या आठवड्यात लिहीन.

सावळाराम


भोर, ता. ५ फेब्रुवारी १९३८

रखमाजी,

आता सरळ लिहितो.

सव्वीस सालच्या मार्गशीर्षात आपलं ठरलं होतं. पंचांनी तुला गावात पाय ठेवायची बंदी केली होती. तेव्हा मी विंझरला जाऊन तुझ्या बायकोला, ठकुबाईला, विचारावं, ती तयार असेल तर तिला घेऊन दुपारी कापूरहोळच्या फाट्यावर यावं, आणि तू तिला पुण्याला न्यावंस. तू आलास. मी एकटा आलो. तू विचारलंस आणि मी म्हणालो, “ती येत नाही म्हणते. तुझं तोंडही बघायचं नाही म्हणते.”

मी विंझरला गेलोच नव्हतो. तिला विचारलंच नव्हतं.

तू हातातलं हिरवं लुगडं माझ्यापुढं केलंस आणि म्हणालास, “दादा, निदान एवढं तिला दे.” तेही मी दिलं नाही. दिलं असतं तर तू आला होतास हे तिला कळलं असतं. महिन्याभरानं गावी गेलो तेव्हा तिनं आईकरवी विचारलं. मी सांगितलं, त्यानं तुझं नावही काढलं नाही.

का केलं? नवरा गेला तो गेला, आता बायकोही गेली तर लोक म्हणतील की अख्खं घरच बाटलं, थोरलाही आतून तसलाच. मग दरबारच्या शाळेतली माझी जागा गेली असती. सगुणेचं कारण मी डिसेंबरातल्या पत्रात लिहिलं, ते खोटं नाही. पण कापूरहोळला उभा होतो तेव्हा माझ्या मनात सगुणा नव्हती, शाळा होती. हे मी आजवर कुणापुढं कबूल केलेलं नाही.

ठकुबाई विंझरच्या घरातच आहे. आईचं शेवटचं दीड वर्षाचं दुखणं तिनंच काढलं. कपाळाला कुंकू आहे, आणि गावातल्या बाया ते बघून हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याचा घोळ घालतात. कामथडीहून तिचा भाऊ गेनू दोनदा न्यायला आला, ती गेली नाही.

हे पत्र आज टाकत नाही. आधी तिला सांगणं भाग आहे. उद्या निघतो.

विंझर, ता. ७ फेब्रुवारी

नसरापुरापासून गाडीनं आलो. ओसरीवर बसलो. ती नेहमीसारखी दाराच्या आत, पदर पुढं ओढून उभी राहिली. माझ्यासमोर ती कधी उंबऱ्याबाहेर आलेली नाही. मी सगळं सांगितलं. मध्ये चुलीवरचं दूध उतू गेलं, ते उतरवून ती परत जागेवर येऊन उभी राहिली. लुगडं मी तिच्यापुढं ठेवलं. अकरा वर्षं पेटीत राहून ते घडीवर विरलं आहे.

आतून आवाज आला, “म्हंजी त्ये आलं हुतं?”

“कापूरहोळपर्यंत आला होता.”

“मला न्यायाला?”

“हो.”

मग ती उंबऱ्याबाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, “भावजी, अकरा वरीस म्या त्येंच्या नावानं बोटं मोडली. येक डाव बगायलाबी आलं न्हाईत म्हनून. तुमी माझ्या तोंडानं त्येंला न्हाई म्हनलात, आन् त्येंच्या तोंडानं मला. दोगांची तोंडं तुमीच वापरलीत.”

तिनं विचारलं, त्यांनी दुसरी केली का. मी म्हटलं, ठाऊक नाही. अकरा वर्षांत विचारलं नाही का? नाही. मग म्हणाली की आता विचारा, मी सांगते तसं लिहा, आणि तुमच्या पदरचं काही घालू नका. तिनं सांगितलं ते अक्षरशः खाली देतो.

“म्या ठकुबाई सांगती. मला कुनी इचारलं न्हवतं. इचारलं असतं तर म्या आले असते. तुमचा देव कोनता त्ये मला तवा ठावं न्हवतं, आताबी न्हाई. तुमी दुसरी केली आसंल तर तसं लिवा. माझं कायबी म्हननं न्हाई. पर खरं लिवा. म्या बरी हाय. आत्याबाईंचं समदं नीट केलं.”

लिहून तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोनदा वाचा. दुसऱ्यांदाही तेच वाचतो आहे का, ते तिला बघायचं होतं.

सावळाराम


भोर, ता. १६ मार्च १९३८

रखमाजी,

तुझा लखोटा गेल्या महिन्याच्या अखेरीस मिळाला. फोडला तर आत दुसरा बंद लखोटा, त्यावर ‘सौ. ठकुबाई हिस’. माझ्यासाठी एक ओळही नव्हती. ते बरोबरच आहे. तो लखोटा मी उजेडासमोर धरून पाहिला, हेही लिहितो, कारण आता काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. काही दिसलं नाही. त्यानंतरच्या रविवारी विंझरला घेऊन गेलो.

ती अंगणात शेणी थापत होती. हात धुऊन आली, लखोटा घेतला, उलटासुलटा केला. मी खिशातून चष्मा काढला आणि ओसरीवर बसलो. ती म्हणाली, “तुमी नगा वाचू.”

मी म्हटलं, मी जसंच्या तसं वाचीन.

“वाचालबी. पर मला त्ये कसं कळावं?”

मग पायात चपला घालून ती शाळेकडं गेली. तिथंच कुंडलिक मास्तर राहतो. भोरला तो माझ्याच हाताखाली शिकला. मी तिच्या मागं वीस पावलांवरून गेलो आणि शाळेबाहेर चिंचेखाली उभा राहिलो. आतून कुंडलिकचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच तो थांबे, तिचं काहीतरी विचारणं होई, मग पुन्हा तेच वाची. अर्धा तास गेला असेल. भोर संस्थानात लॅटिन वाचणारा मी एकटा, आणि आपल्या भावाचं मराठी पत्र ऐकायची मला परवानगी नव्हती. राग आला नाही. नुसता उभा राहिलो.

बाहेर आली तेव्हा तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. म्हणाली, कामथडीला गेनूला निरोप धाडा, मला नगरला जायचं आहे. एवढंच. पत्रात काय होतं ते मी विचारलं नाही.

त्याच दिवशी मी सोनबांकडं गेलो. सव्वीस साली पंचांत ते मुख्य होते, आता ऐंशीला टेकले आहेत. म्हटलं, मी लिहून दिलेला कागद मला परत हवा, तो मी चार माणसांसमोर खोटा ठरवतो. सोनबांना आधी काही आठवेना. मग हसून म्हणाले, “त्यो व्हय? पटक्यात खोवला व्हता. धुन्यात गेला आसंल तवाच.”

आणि पुढं म्हणाले, “पर मास्तर, आमी कुठं कागुद मागितला हुता? आमी तंबाखू मळत बसलो हुतो. रखमाजीला चार शिव्या देऊन उठनार, तवर तुमीच खिशातनं काडून दिलात. लिवल्याला हुता.”

खरं आहे. पंचांनी लेखी मागितलं असं मी तुला डिसेंबरात लिहिलं, ते खोटं होतं. कागद मी भोरहूनच लिहून नेला होता. कुणी दरडावलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. बिशप ज्याला दया दाखवा म्हणतात तो माणूस मी नव्हे. आपण होऊन धावत गेला, तो मी. आणि हे मी इतक्या वर्षांत इतकं घट्ट विसरलो होतो की पत्र लिहिताना लेखणी अडखळलीसुद्धा नाही.

सोनबांना म्हटलं, तरी तुम्ही ऐका. त्यांनी चिमाजीला आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. मी पुस्तकं कुणाची होती ते सांगितलं, कापूरहोळचंही सांगितलं. चिमाजी माझ्याकडं न बघता म्हणाला, “लई वंगाळ केलंत.” थोड्या वेळानं गुरं आली म्हणून सगळे उठले.

परवा कामथडीला तिला निरोप द्यायला गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो. गेनू पुण्यापर्यंत सोबत येणार, तिथून नगरची मोटार. तिच्याजवळ एक बोचकं आणि तांदळाची लहान पिशवी होती, तुला आपल्याकडचा तांदूळ आवडतो म्हणून. तुझा ग्रंथ मी वेगळा टपालानं पाठवला आहे. तिच्या बोचक्यात माझं काही असू नये.

मोटार लांबून दिसली तेव्हा ती माझ्याकडं वळली. “त्येंनी दुसरी केली न्हाई. येवडं तुमास्नी सांगते. बाकीचं माझं हाय.”

मी वाकून नमस्कार केला. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला करू नये, गेनूही चपापला. तिनं मागं सरून हात जोडले आणि गाडीत चढली.

तुम्ही दोघंही थांबला होतात. हे मला तिथं रस्त्यावर कळलं.

सावळाराम


भोर, ता. १२ एप्रिल १९३८

सौ. ठकुबाई हिस सावळारामचा नमस्कार.

रखमाजीचं कार्ड आलं, ‘पोचली.’ एका शब्दाचं. ते मी शाळेत बरोबर नेलं होतं, आणि कुणीतरी विचारलं की आज खुशीत दिसता.

हे पत्र रखमाजी तुला वाचून दाखवील. त्यानं सावकाश वाचावं आणि मधलं काही गाळू नये, माझं वाईट असलं तरी.

तुझी गाय चिमाजीच्या बायकोनं नेली आहे. दोन दिवस तिनं वैरणीला तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी खाल्लं. आता दूध देते. परसातल्या घेवड्याला शेंगा लागल्या होत्या त्या शेजारच्या फुलाबाईनं काढून वाटल्या, मलाही ओंजळभर धाडल्या. शिमग्याला घर बंद राहिलं, म्हणून मी परवा जाऊन उघडलं, झाडलं. सारवायला बसलो, पण ते मला येत नाही. ओसरी खडबडीत झाली आहे. फुलाबाई बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सारवली. गावात माझ्याशी बोलतात, पण पूर्वी ‘या मास्तर’ म्हणत, आता नुसतं ‘या’ म्हणतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझा निबंध पुण्याला छापायला गेला. रखमाजी तुला सांगेल तो कशाबद्दल आहे. जुन्या काळी काही माणसांनी भीतीपोटी खोट्या चिठ्ठ्या घेतल्या, त्यांची हकीगत. मी पूर्वी त्यात लिहिलं होतं की त्यांतल्या एकानं आपल्या बायकोला वाचवलं. ते मी बदललं. आता असं लिहिलं आहे की त्यानं बायकोला वाचवलं असं तो म्हणतो, बायको काय म्हणते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. संपादकांनी विचारलं, या वाक्याची गरज आहे का. मी कळवलं, आहे.

त्या लोकांना शेवटी मंडळीत घेतलं, पण लगेच नाही. आधी कित्येक दिवस दाराबाहेर उभं राहावं लागे. आतली माणसं प्रार्थना करत, ती बाहेरून ऐकायची. आणि कधी आत घ्यायचं ते बाहेर उभ्या असलेल्यानं ठरवायचं नसे.

मी पुष्कळ वाचलं, ठकुबाई, पण हे मला तुझ्यामागून शाळेपर्यंत चालत गेलो त्या दिवशी समजलं.

शाळेला मे महिन्याची सुट्टी लागेल. नगरला येऊन तुम्हा दोघांसमोर बसावं, रखमाजीला बघावं असं वाटतं. त्याच्या केसांत पांढरं आलं असेल. रखमाजीला मी विचारत नाही, तो भिडेनं हो म्हणेल. तुला विचारतो. येऊ का?

नको म्हणालीस तर येणार नाही, आणि कारण विचारणार नाही. जे सांगायचं ते रखमाजीला सांग. तो तू म्हणशील तेच लिहील.

सावळाराम